अमूल्य रेड्डी

अमूल्य कुमार एन. रेड्डी (२१ ऑक्टोबर, इ.स. १९३०; बंगळूर – ७ मे, इ.स. २००६, बंगळूर) हे भारतीय विद्युत-रसायनशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि ऊर्जाधोरणाचे अभ्यासक होते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी पंचवीस वर्षे अध्यापन व संशोधन केले. आयुष्याच्या पूर्वार्धात त्यांची ओळख विद्युत-रसायनशास्त्रावरील एका जगन्मान्य पाठ्यपुस्तकाचे सहलेखक अशी होती. उत्तरार्धात ग्रामीण ऊर्जा, विजेचा काटकसरीचा वापर आणि पर्यावरणाला न ओरबाडणारा विकास या विषयांवरील त्यांच्या लेखनाने विकसनशील देशांच्या ऊर्जाविचाराला वेगळे वळण दिले. देशाची प्रगती त्याने किती ऊर्जा निर्माण केली यावरून न मोजता, त्या ऊर्जेतून कोणाच्या घरी उजेड पडला, कोणाच्या डोक्यावरचा हंडा उतरला आणि कोणाची चूल धुराविना पेटली यावरून मोजावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

शिक्षण आणि विद्युत-रसायनशास्त्र

रेड्डी यांचा जन्म व शिक्षण बंगळुरात झाले. तेथील सेंट्रल कॉलेजातून रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यावर ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले आणि १९५८ साली त्यांनी पीएच.डी. ही पदवी मिळवली. स्वदेशी परतल्यावर तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेत त्यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. त्यानंतर १९६१ ते १९६६ या काळात ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते. तेथे जॉन बोक्रिस या नामवंत विद्युत-रसायनशास्त्रज्ञाचे सहकार्य त्यांना लाभले.

विद्युत-रसायनशास्त्रात धातू आणि द्रावण यांच्या सीमेवर काय घडते याचा अभ्यास होतो. लोखंड गंजणे, भांड्याला निकेलचा मुलामा चढणे, बॅटरीतून वीज मिळणे या रोजच्या पाहण्यातल्या घटना या सीमेवरच घडतात. निकेलचा थर चढताना त्याचे स्फटिक विशिष्ट दिशेनेच का रचले जातात यावर रेड्डी यांनी संशोधन केले. धातूच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या अत्यंत पातळ ऑक्साइड थरांचा अभ्यास परावर्तित प्रकाशाच्या साहाय्याने करण्याची पद्धतही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. बोक्रिस आणि रेड्डी यांनी मिळून लिहिलेला ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ हा ग्रंथ १९७० साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नवख्या विद्यार्थ्यालाही झेपेल अशा पायरीपायरीने विषय उलगडत नेणारा हा ग्रंथ अनेक देशांतील विद्यापीठांमध्ये अभ्यासला गेला. त्याच्या सुधारित आवृत्तीचे खंड १९९८ पासून पुढे निघाले. केवळ या एका ग्रंथावरही रेड्डी यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात राहिले असते.

१९६६ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था बंगळूरकरांच्या बोलण्यात आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखली जाते. तेथील अकार्बनी व भौतिक रसायनशास्त्र विभागात ते प्राध्यापक झाले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत संस्थेशी बांधलेले राहिले.

‘अस्त्र’ची स्थापना

सत्तरच्या दशकाच्या आरंभी रेड्डी यांच्या विचारांना कलाटणी मिळाली. परदेशी नियतकालिकांत छापून येणे हीच संशोधनाच्या यशाची खूण मानणारे भारतीय विज्ञान नेमके कोणाचे प्रश्न सोडवते, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्या काळी तंत्रज्ञान तटस्थ असते, चांगले-वाईट ठरते ते वापरणाऱ्याच्या हातात, असा समज सर्वत्र रूढ होता. रेड्डी यांनी तो नाकारला. ज्या समाजात तंत्रज्ञान जन्मते त्या समाजाच्या गरजा, त्याची श्रीमंती आणि त्याची विषमता हे सारे त्या तंत्रज्ञानाच्या घडणीतच उतरते, असे त्यांचे म्हणणे होते. भांडवल मुबलक आणि मजूर महाग असलेल्या देशांत घडलेली यंत्रे भांडवल तुटपुंजे आणि हात रिकामे असलेल्या देशात जशीच्या तशी आणली, तर त्यांतून मूठभरांची चैन आणि बहुसंख्यांची बेकारी वाढते, असे त्यांनी या काळातील लेखांतून मांडले.

विकासाच्या तीन कसोट्या त्यांनी ठरवल्या. विकासाने माणसांच्या मूलभूत गरजा भागवल्या पाहिजेत आणि त्याची सुरुवात सर्वाधिक गरजवंतापासून झाली पाहिजे. त्याने समाजाचे स्वावलंबन वाढवले पाहिजे. आणि तो निसर्गाशी सुसंगत असला पाहिजे. पहिल्या कसोटीतील ‘सुरुवात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गरिबांपर्यंत समृद्धी कालांतराने झिरपेल या आश्वासनावर त्यांचा विश्वास नव्हता.

१९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेत त्यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपयोजन करणारा एक कक्ष सुरू झाला. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांतून ‘अस्त्र’ हा भारतीय कानांना ओळखीचा शब्द तयार झाला. मूलभूत संशोधनासाठी नावाजलेल्या संस्थेत चूल, शेण आणि माती हे संशोधनाचे विषय म्हणून येणे सर्वांना रुचणे शक्य नव्हते. परंतु संस्थेचे तत्कालीन संचालक सतीश धवन यांचा या उपक्रमाला पाठिंबा होता. एकीकडे भारताच्या अवकाश कार्यक्रमाची धुरा वाहणारे धवन दुसरीकडे खेड्यातील चुलीच्या संशोधनामागे उभे राहिले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे सचिवपदही रेड्डी यांनी सांभाळले.

‘अस्त्र’मध्ये वेगवेगळ्या शाखांचे अभियंते व शास्त्रज्ञ एकत्र आले. के. एस. जगदीश व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबून घट्ट केलेल्या मातीच्या विटांचे तंत्र विकसित केले. भट्टीत न भाजता तयार होणाऱ्या या विटांनी सरपण वाचत असे. ‘अस्त्र ओले’ नावाची इंधन वाचवणारी, धुराडे असलेली चूलही येथेच घडली. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. मराठी वाचकाला त्यात ओल्या लाकडाचा भास होतो, पण अर्थ नेमका उलटा आहे. कालांतराने ‘अस्त्र’चे रूपांतर शाश्वत तंत्रज्ञान केंद्रात झाले.

सहा खेड्यांचा अभ्यास

प्रयोगशाळेत बसून खेड्यासाठी तंत्रज्ञान घडवता येणार नाही, हे ओळखून ‘अस्त्र’ने तुमकूर जिल्ह्याच्या कुणिगल तालुक्यातील उंग्रा या गावी आपले विस्तार केंद्र उघडले. त्या परिसरातील सहा खेड्यांत ऊर्जा कोठून येते आणि कोठे जाते याची घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली. तोवर देशाच्या ऊर्जेचा हिशेब म्हणजे कोळसा, तेल आणि वीज यांचा हिशेब असे. सरपण, बैलाचे श्रम आणि बाईचे श्रम यांना त्यात स्थान नव्हते, कारण त्यांची पावती फाटत नव्हती.

या पाहणीतील पुरा या गावाचे आकडे पुढे जगभर उद्धृत झाले. १९७७ साली या गावात ५६ कुटुंबे व ३५७ माणसे होती. गावात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ८९ टक्के ऊर्जा सरपणातून येत होती आणि सुमारे ७ टक्के माणसांच्या अंगमेहनतीतून. रॉकेलचा वाटा २ टक्के, तर बैलांचा आणि विजेचा प्रत्येकी सुमारे १ टक्का होता. ऊर्जेचा फार मोठा भाग घरगुती कामांत, त्यातही चुलीत खर्च होत होता. साध्या चुलीत जळणाची जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला मिळते आणि बाकीची वाया जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या ८९ टक्क्यांचा खरा अर्थ उमगतो.

अधिक बोलके होते ते वेळेचे आकडे. सरपण गोळा करण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला दररोज सरासरी २.६ तास आणि ४.८ किलोमीटरची पायपीट पडत होती. पाणी आणण्यात दीड तास व १.६ किलोमीटर जात. एवढे करून माणशी दिवसाला सुमारे १७ लिटर पाणी हाती येई. स्वयंपाकात साधारण तीन तास जात, आणि गुरे राखणे, शेतावर भाकरी पोचवणे ही कामे त्याखेरीज. या श्रमांचा मोठा भार बायकांवर आणि मुलांवर होता. ज्या मुलाने शाळेत असावे ते मूल गुरांमागे का असते, याचे एक उत्तर रेड्डी यांच्या तक्त्यांत सापडते. ऊर्जेचा प्रश्न हा स्त्रियांचा प्रश्न आहे, ही आज सर्वमान्य झालेली गोष्ट त्यांनी अशी तास आणि किलोमीटर मोजून दाखवली. आयुष्याच्या अखेरीस, २००३ साली, श्रीलता बाटलीवाला यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी याच सूत्राचा विस्तार केला.

पुरा येथील गोबरगॅस संयंत्र

गावात सरपणावाचून स्वयंपाक व्हावा म्हणून सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभारावे, असे शास्त्रज्ञांच्या मनात होते. योजना वरकरणी बिनतोड होती. गावातील गुरांचे शेण एकत्र करायचे, त्यातून निघणारा वायू नळाने घरोघर द्यायचा आणि उरलेली मळी खत म्हणून परत करायची. प्रत्यक्षात मात्र गणित जमले नाही. जमा होणाऱ्या शेणातून सगळ्या घरांचा स्वयंपाक होईल इतका वायू मिळत नव्हता, आणि काही घरांनाच पुरेल अशा वायूसाठी सगळे गाव शेण देईना. शिवाय सरपणाला पैसे पडत नव्हते. गावाची पहिली निकड स्वयंपाकाचा वायू नसून पिण्याचे स्वच्छ पाणी आहे, ही गोष्ट तज्ज्ञांना गावाकडून शिकावी लागली.

स्वतःची चूक उघडपणे मान्य करून आराखडा बदलण्याची तयारी हा रेड्डी यांच्या कामातील दुर्मीळ गुण येथे दिसतो. १९८७ पासून हेच संयंत्र वेगळ्या कामासाठी चालू लागले. वायू चुलीकडे न नेता त्यावर पाच किलोवॅट क्षमतेच्या आसपासचे डिझेल इंजिन चालवण्यात आले. त्यात थोडे डिझेल आणि बराचसा गोबरगॅस जळत असे. त्यातून निघणाऱ्या विजेवर कूपनलिकेचा पंप चाले आणि संध्याकाळी घराघरांत २० वॅटच्या नळीदिव्यांचा उजेड पडे. पाणी गावात नळाने मिळू लागले.

व्यवस्थाही विचारपूर्वक बसवली होती. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे पोचवणावळ मिळे आणि वायू काढून घेतल्यावर उरलेली मळी वाळूच्या थरावर निथळून, शेणाच्या प्रमाणात, ज्याची त्याला परत मिळे. खत म्हणून या मळीची प्रत उकिरड्यातल्या शेणापेक्षा चांगली असे. दोन पैशांची ही मिळकत बहुतेक बायका-मुलांच्या हाती येई. दिव्याचे आणि नळाचे पैसे घरटी आकारले जात. संयंत्र चालवण्याचे काम गावातीलच तरुण करीत आणि देखरेख ग्राम विकास सभेकडे होती.

रेड्डी यांना या प्रयोगात यंत्रापेक्षाही मोठा प्रश्न दिसला. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली असे मांडले होते की, सामायिक गायरानात प्रत्येक जण स्वतःच्या लाभासाठी जास्त गुरे सोडतो आणि अखेर गायरानच उजाड होते. म्हणजे सामायिक मालमत्तेच्या नशिबी नाशच असतो. पुरा गावात मात्र उलट घडले. एखाद्या कुटुंबाने शेण दिले नाही तर पाणी आणि उजेड सर्वांचाच, म्हणजे त्याचाही, बंद पडे. म्हणून खासगी स्वार्थ आणि गावाचे हित एकाच दिशेने ओढत होते. सामायिक मालमत्ता शाप ठरते की वरदान, हे माणसांच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेच्या रचनेवर अवलंबून असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खेड्यात वाढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पण अर्थशास्त्राच्या चर्चेत तो आकडेवारीसह मांडला जाणे आवश्यक होते. पी. राजाबापय्या व एस. जयकुमार या सहकाऱ्यांसह रेड्डी यांनी लिहिलेला या प्रयोगाचा वृत्तांत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या नूतनीक्षम ऊर्जेवरील एका बृहद्ग्रंथात समाविष्ट आहे.

रॉकेलचा दिवा आणि डिझेलचा ट्रक

तेलाच्या आयातीवरील रेड्डी यांचे विश्लेषण त्यांच्या विचारपद्धतीचा उत्तम नमुना आहे. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर देशात तेल वाचवण्याचे आवाहन मोटारींच्या मालकांना केले जात होते. भारताचे संकट प्रामुख्याने पेट्रोलचे नसून रॉकेल आणि डिझेल यांचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले. खेड्यांतील कोट्यवधी घरांत वीज नसल्याने दिव्यासाठी रॉकेल लागते. गरिबाला परवडावे म्हणून त्याचा भाव कमी ठेवावा लागतो. रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग असले, तर डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ होते. म्हणून डिझेलचाही भाव चढू देता येत नाही. डिझेल स्वस्त राहिले की मालवाहतूक रेल्वेकडून ट्रककडे वळते आणि तेलाची आयात फुगत जाते. म्हणजे परकीय चलनाच्या गंगाजळीला लागलेल्या गळतीचे एक मूळ खेड्यातल्या चिमणीच्या दिव्यात होते.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय सरळ होता. प्रत्येक घरात विजेचा दिवा लावावा. एकदा रॉकेलची गरज संपली की डिझेलचा भाव वाढवता येईल आणि लांब पल्ल्याचा माल पुन्हा रेल्वेने जाऊ लागेल. १९८१ साली त्यांनी हा विचार ब्रिटनमधील ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकातही मांडला. गरिबाच्या घरातील एक दिवा हा दानधर्म न मानता राष्ट्रीय काटकसरीचा उपाय मानणारी ही मांडणी आजही ताजी वाटते.

चार देशांतील चौघे

ऐंशीच्या दशकात रेड्डी यांचे नाव तीन परदेशी अभ्यासकांशी जोडले गेले: ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ जोझे गोल्डेमबर्ग, स्वीडनचे थॉमस योहान्सन आणि अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट विल्यम्स. दोघे विकसनशील देशांतले आणि दोघे संपन्न देशांतले, अशा या चौघांनी १९८५ साली एक निबंध प्रसिद्ध करून ऊर्जाविषयक प्रचलित समजाला धक्का दिला. विकास हवा तर ऊर्जेचा वापर अनेक पटींनी वाढवलाच पाहिजे, असे तोवर गृहीत धरले जाई. उपलब्ध असलेली सर्वांत कार्यक्षम साधने वापरली, तर माणशी सरासरी एक किलोवॅट ऊर्जेत सत्तरच्या दशकातील पश्चिम युरोपसारखे राहणीमान गाठता येते, असे या चौघांनी हिशेब करून दाखवले. यातली मेख अशी की, त्या वेळी विकसनशील देशांत वापरली जाणारी ऊर्जा जवळपास तेवढीच होती. ती प्रामुख्याने सरपणाच्या रूपाने धुरात जात होती, इतकेच.

१९८८ साली चौघांचा ‘एनर्जी फॉर अ सस्टेनेबल वर्ल्ड’ हा ग्रंथ आला. जगाचा ऊर्जावापर १९८० साली सुमारे १०.३ टेरावॅट होता; लोकसंख्या आणि गरिबांचे राहणीमान दोन्ही वाढूनही तो २०२० साली सुमारे ११.२ टेरावॅटच्या आत ठेवणे शक्य आहे, असे चित्र त्यात रेखाटले होते. ते भाकीत नव्हते, शक्यतेचा नकाशा होता; जग त्या वाटेने गेले नाही आणि प्रत्यक्षातील वापर त्याहून कितीतरी अधिक झाला. हवामानबदलाच्या चर्चेत या ग्रंथाचे स्थान विशेष आहे. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाची स्थापना त्याच वर्षी झाली. कर्बवायूचे उत्सर्जन कमी करणे म्हणजे गरीब देशांचा विकास रोखणे, असे जे द्वंद्व पुढे आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत उभे राहिले, त्याला या ग्रंथात आधीच उत्तर होते: ऊर्जेची कार्यक्षमता वाढवली की उत्सर्जन घटते आणि त्याच खर्चात अधिक घरांत सोय पोचते.

१९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेच्या निमित्ताने नूतनीक्षम ऊर्जास्रोतांवरील एका मोठ्या ग्रंथाची आखणी झाली. त्याच्या चार संपादकांपैकी रेड्डी एक होते. याच ग्रंथात जगातील अद्ययावत सौर व पवन तंत्रांशेजारी पुरा गावच्या शेणाचा हिशेब छापला गेला.

कर्नाटकाचे वीजनियोजन

१९८७ साली कर्नाटक शासनाच्या एका समितीने राज्याच्या दीर्घ पल्ल्याच्या वीजप्रकल्पांचा आराखडा सादर केला. २००० साली राज्याला सुमारे ९,४०० मेगावॅट क्षमता आणि वर्षाला सुमारे ४,७५२ कोटी युनिट वीज लागेल, असा त्याचा अंदाज होता. मागील वाढीची रेघ पुढे ओढून काढलेल्या अशा अंदाजांवर रेड्डी यांचा मुख्य आक्षेप होता. वीज कोणाला, कशासाठी आणि किती हवी हा प्रश्न त्यांत विचारलाच जात नाही, असे ते म्हणत.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्यायी आराखडा केला. त्या पद्धतीला ‘डिफेन्डस’ असे नाव पडले; विकासावर रोख ठेवणारी, विजेच्या अंतिम वापरापासून सुरू होणारी आणि सेवेला केंद्र मानणारी, असा त्या संक्षेपाचा आशय. माणसाला वीज नको असते, त्याला उजेड, गार पाणी, शिजलेले अन्न आणि ओलिताखालचे शेत हवे असते, या साध्या निरीक्षणावर ती उभी होती. राज्यातील सर्व घरांना वीज द्यायची, हे या आराखड्याचे गृहीतक होते. त्याबरोबर जुन्या गोल बल्बांऐवजी कार्यक्षम दिवे, स्नानाच्या पाण्यासाठी विजेच्या बंबाऐवजी सौर बंब, कृषिपंपांतील घर्षण कमी करणाऱ्या सुधारणा, आणि साखर कारखान्यांच्या चिपाडांसह अन्य विकेंद्रित स्रोतांतून वीजनिर्मिती, असे उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने लावले होते. सर्वांत स्वस्त उपाय आधी आणि सर्वांत महाग उपाय शेवटी, हा नियम. हिशेबाअंती २००० साठी गरज निघाली ती सुमारे ४,००० मेगावॅटची आणि १,७८५ कोटी युनिटांची. शासकीय अंदाजाच्या सुमारे ३८ टक्के विजेत अधिक लोकांची सोय होत होती. हा अभ्यास १९९१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

आराखडा सरकारने स्वीकारला नाही. इतकी उघड बचत लोक का करीत नाहीत, या प्रश्नाकडे मग रेड्डी वळले. त्याच वर्षीच्या एका निबंधात त्यांनी ऊर्जा-कार्यक्षमतेच्या मार्गातील अडथळ्यांचे वर्गीकरण केले. ग्राहकांत काही अज्ञानी असतात, काहींना पहिला खर्च झेपत नाही, काही उदासीन असतात, काही असहाय असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला दुसऱ्याने बसवलेली निकृष्ट उपकरणेच वापरावी लागतात. उपकरणांचे उत्पादक, वीजमंडळे, बँका आणि शासन यांचेही असेच प्रकार त्यांनी मांडले. रसायनशास्त्रज्ञ पदार्थांचे वर्गीकरण करतो त्याच चिकाटीने त्यांनी येथे माणसांच्या सबबींचे वर्गीकरण केलेले दिसते.

निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे १९९१ मध्येच, इंटरनॅशनल एनर्जी इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. विकसनशील देशांत कल्पिलेली, तेथूनच चालवली जाणारी ही संस्था होती आणि रेड्डी तिचे अध्यक्ष होते. १९९४ पासून तिच्यातर्फे ‘एनर्जी फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक निघू लागले.

एन्रॉन वाद आणि महाराष्ट्र

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथील एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पावरून १९९५ साली महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. चर्चेचा रोख प्रामुख्याने विजेचा दर, करारातील अटी आणि राजकारण यांवर होता. रेड्डी व अँटोनेट डीसा यांनी त्या वर्षी लिहिलेल्या लेखात एक पायरी मागे जाऊन विचार केला. करार महाग आहे की स्वस्त हे पाहण्याआधी, इतकी नवी वीज हवीच का आणि तीच सेवा बचत व विकेंद्रित निर्मितीतून कमी खर्चात मिळेल का, हे तपासले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या अभ्यासकांनी एन्रॉन कराराची केलेली चिकित्सा याच काळातली. गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी पुढे महाराष्ट्राच्या वीजपुरवठ्यासाठी किमान खर्चाच्या नियोजनाचा अभ्यास केला. तो, तसेच कृषिपंपांच्या कार्यक्षमतेवरील त्यांचा लेख, रेड्डी यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अणुऊर्जेविषयीची भूमिका

कर्नाटकातील कैगा येथील अणुवीज प्रकल्पाला रेड्डी यांनी जाहीर विरोध केला. किरणोत्साराची भीती हा विरोधाचा प्रचलित मुद्दा होता. त्यांनी मात्र प्रामुख्याने खर्चाची वही उघडली. अणुविजेचा खरा खर्च सवलतींत आणि हिशेबाच्या पद्धतींत दडतो आणि तीच वीज बचतीतून स्वस्त पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अण्वस्त्रांना विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांत ते उघडपणे सामील झाले. देशभर जल्लोष चालू असताना एका शास्त्रज्ञाने असे बोलणे लोकप्रियतेला पोषक नव्हते.

अखेरची वर्षे

२००० साली गोल्डेमबर्ग, योहान्सन, विल्यम्स आणि रेड्डी या चौघांना व्होल्वो पर्यावरण पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या जागतिक ऊर्जा-मूल्यांकन अहवालातील ऊर्जा आणि सामाजिक प्रश्नांवरील प्रकरण रेड्डी यांनी लिहिले. दारिद्र्य, स्त्रिया, लोकसंख्या आणि नागरीकरण यांचा ऊर्जेशी असलेला संबंध त्यात विवरला आहे. २००२ साली एका वार्षिक आढावा-ग्रंथात त्यांनी विद्युत-रसायनशास्त्रापासून ऊर्जाधोरणापर्यंतच्या आपल्या प्रवासाचा आत्मपर आलेख मांडला.

७ मे २००६ रोजी बंगळूर येथे वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडक लेखांचा एस. रवी राजन यांनी संपादित केलेला ‘अमूल्य रेड्डी: सिटिझन सायंटिस्ट’ हा संग्रह २००९ साली प्रसिद्ध झाला.